प्रिंटरने गाळलेला अर्धा र

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात मोठा लेझर प्रिंटर आला तेव्हा मला नोकरी लागून तीनच वर्षं झाली होती. शहाद्याच्या बाहेर, केळीच्या बागांना लागून असलेलं ते कॉलेज. आम्ही पुरुषोत्तमनगरला राहायचो, कारखान्याच्या वसाहतीत. भोंगा झाला की डबा भरायचा आणि सायकल काढायची. गळीत हंगामात मळीचा वास साडीला चिकटून ऑफिसपर्यंत यायचा. आता तो वास कुठे आला की मला आधी आठवतं ते ऑफिस, आणि ऑफिसाच्या कोपऱ्यातला तो राखाडी प्रिंटर.

तोपर्यंत आमच्याकडे एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. तो करकरत छापायचा आणि त्याचं अक्षर टाचणीने टोचल्यासारखं दिसायचं. नवा प्रिंटर एकटाच तीन खोल्यांसाठी होता. ऑफिस, परीक्षा विभाग आणि ग्रंथालय, तिन्हीकडचे कॉम्प्युटर एका निळ्या वायरने त्याला जोडलेले. ग्रंथालयातून कुणी छापायला दिलं की माझ्या टेबलाशेजारी कागद आपोआप बाहेर पडायचा. पहिले काही दिवस प्राध्यापक मंडळी नुसती तेवढं बघायला यायची.

बसवायला धुळ्याहून एक इंजिनिअर आला होता. त्याने पहिला मराठी कागद काढला, तर त्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, चौकोन, मधे एखादं पौंडाचं चिन्ह. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, ते कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे आपल्या संस्थेचं नाव आहे?"

इंजिनिअर हसला. त्याने मला समजावलं, आणि तेच माझं या विषयातलं सगळं शिक्षण. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. आत इंग्रजी अक्षरांचेच आकडे असायचे, त्यावर मराठी चेहरे चढवलेले. फॉन्ट सापडला नाही की सोंग उतरायचं. कॉम्प्युटरमध्ये फॉन्ट असून भागत नव्हतं. तीन खोल्यांमधून काम पटपट व्हायचं तर फॉन्ट प्रिंटरच्या पोटातच ठेवायचे. त्याच्या पोटात दोन जागा होत्या. एक छोटी डिस्क, तिथे ठेवलेला फॉन्ट कायमचा. दुसरी मेमरी, तिथे ठेवलेला फॉन्ट वीज गेली की पुसला जायचा.

"आणि वीज तर रोज जाते," मी म्हटलं.

"मग रोज टाकायचे, मॅडम," तो म्हणाला.

डिस्क लहान होती. आम्ही तिच्यात चार फॉन्ट बसवले आणि बाकीचे मेमरीत. भारनियमन सकाळी असलं की वीज आल्यावर माझं पहिलं काम ठरलेलं. प्रिंटर तापू द्यायचा, पट्टीवर हिरव्या अक्षरांत तो तयार असल्याचं आलं की एकेक फॉन्ट पाठवायचा, आणि शेवटी त्याच्याकडून यादी मागायची. ही यादी तो स्वतःच छापून द्यायचा. त्याच्याजवळ कोणकोणते फॉन्ट आहेत, त्यांची नावं आणि प्रत्येकापुढे नमुन्याची दोन-चार अक्षरं. मला तो कागद फार आवडायचा. ऑफिसात दुसऱ्या कुणाला त्याचं काही नव्हतं, शिपाईदादा त्यावर भजी आणायचे. पण सकाळी ती यादी पूर्ण आली की मला घरातले सगळे जेवायला बसल्यासारखं वाटायचं.

भाऊसाहेबांचं आणि माझं तेव्हा फारसं जमत नव्हतं. ते जुन्या वळणाचे. गाव त्यांचं तापीकाठचं, घरी बोलणं अहिराणी, पण ऑफिसच्या दारात चप्पल काढावी तशी ते भाषा काढून ठेवायचे. मी कोरीटची, माझीही घरची बोली तीच. माझ्या तोंडून चुकून "काय करी ऱ्हायनात" निघालं की ते फायलीतून मान न काढता म्हणायचे, "ताई, हे कार्यालय आहे." त्यांची सही म्हणजे शेवटचा शब्द. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कागदात चूक निघाल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा फॉन्ट त्यांनीच निवडला होता. इतर पत्रांना साधा फॉन्ट चालायचा. दाखल्यावर मात्र त्यांना उभं, ठसठशीत अक्षर हवं होतं. बोरूने लिहिल्यासारखं. जुन्या जनरल रजिस्टरमध्ये पहिल्या हेडक्लार्कांचं तसं अक्षर होतं. सीडीवरचे सगळे फॉन्ट मी त्यांना छापून दाखवले. त्यांनी एकावर बोट ठेवलं. "हा." तो फॉन्ट डिस्कवर गेला, कायमच्या जागी.

तो बसवल्यावर आठवडाभरातच मला पडद्यावर दिसलं की त्या फॉन्टमध्ये एक अक्षर नाही. दुसऱ्या, तिसऱ्या या शब्दांमध्ये य च्या आधी जो अर्धा र येतो, आडवा, वाकडा, तो. त्याच्या जागी नुसती फट पडायची. मी फॉन्ट विकणाऱ्यांना पत्र लिहिलं. महिन्याभराने त्यांनी नवी सीडी पाठवली. मी तिन्ही कॉम्प्युटरवर नवा फॉन्ट चढवला, पडद्यावर "दुसऱ्या" लिहून बघितलं. अर्धा र दिसला. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, तरी ते म्हणाले, "चांगलं झालं."

प्रिंटरच्या पोटात अजून जुनाच फॉन्ट आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नाव दोन्हींचं एकच. कॉम्प्युटर पडद्यावर नवा दाखवायचा आणि छापताना प्रिंटरला फक्त नाव सांगायचा. प्रिंटर आपल्याजवळचा जुना काढायचा. हे मला आज दोन ओळींत सांगता येतं. तेव्हा कळायला तीन वर्षं लागली.

जूनचा शेवट होता. ऑफिसात प्रवेशाची गर्दी. एक मुलगी खिडकीशी आली. बारावी आमच्याकडूनच झालेली, तोरणमाळकडच्या एका पाड्यावरची. शांत मुलगी, मुलींच्या वसतिगृहात राहायची, ग्रंथालयात पुस्तकं लावायला मदत करायची म्हणून मला चेहरा माहीत होता. तिच्याबरोबर तिचे वडील. डोक्याला फेटा, खांद्यावर पिशवी.

"मॅडम, दाखल्यात वडिलांचं नाव चुकलंय," ती म्हणाली. "नंदुरबारला नर्सिंगला नंबर लागला होता. कागद तपासताना त्यांनी परत पाठवलं. जातीच्या दाखल्यावर एक नाव, इथं दुसरं."

नाव मी इथे लिहीत नाही. पण डोंगरातल्या पुष्कळ पुरुषांच्या नावाच्या शेवटी "ऱ्या" येतो, तसंच ते होतं. दाखल्यावर तो अर्धा र नव्हता. मधे बारीकशी फट आणि पुढे नुसता "या". वाचलं तर वेगळंच नाव व्हायचं, आणि तेही कुणाचं तरी नाव असू शकेल असं.

भाऊसाहेबांनी दाखला घेतला, चष्मा वर केला. "आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावरून नाव येतं. शाळेतच चुकलं असेल. तिथून दुरुस्ती करून आणा."

मुलीने दाखला परत घेतला. बाप-लेक गेले. शाळा म्हणजे वरची आश्रमशाळा. पुन्हा काळी-पिवळी जीप, पुन्हा घाट, पुन्हा तिथले मुख्याध्यापक भेटेपर्यंत थांबणं. चार दिवसांनी दोघं परत आले. शाळेने लेखी दिलं होतं की त्यांच्या रजिस्टरला नाव बरोबर आहे.

आता भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "ताई, टायपिंग तुमचं."

सगळ्यांसमोर म्हणाले. माझे कान तापले. मी कॉम्प्युटरवर तिची नोंद उघडली. नाव बरोबर होतं, अर्ध्या र सकट. मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. "बघा ना, भाऊसाहेब. मी बरोबरच टाइप केलंय."

"मग कागदावर कसं चुकलं?"

मी पुन्हा छापायला दिलं. कागद बाहेर आला. मी घाईघाईने बघितला आणि खरं सांगते, मला चूक दिसली नाही. डोळ्यांना जे नाव माहीत होतं तेच मी वाचलं. "झालं," म्हणून मी तो मुलीच्या वडिलांच्या हातात दिला.

त्या माणसाला वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद घेतला, खिडकीतून आत वाकले आणि पडद्याकडे बघितलं. मग कागदाकडे. मग परत पडद्याकडे. आपण दोन बैल जोडीला लावताना बघतो तसं निरखून. मग पडद्यावर, काचेला बोट न लावता, त्यांनी जागा दाखवली.

"बाई, आठे विळा शे." मग कागदावर बोट ठेवलं. "तठे नही."

शहाद्याच्या बाजारात चारोळी आणि सीताफळं विकून विकून त्यांना अहिराणी येत होती. मी पडद्यावर बघितलं. य च्या अंगाला चिकटलेला, गवत कापायच्या विळ्यासारखा तो अर्धा र. कागदावर तिथे कोरी जागा.

मी तो कागद त्यांच्याकडून परत घेतला.

मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कपाटामागे धूळ खात होता. शिपाईदादांना सांगून तो काढला, पुसला, वायर लावली, आणि तोच दाखला त्यावर पाठवला. करकर करत ओळ आली. टोचलेलं, फिकं अक्षर, पण विळा जिथल्या तिथे. त्या प्रिंटरच्या पोटात कसलेच मराठी फॉन्ट नव्हते. कॉम्प्युटर सांगेल ते ठिपके तो मारायचा. म्हणजे कॉम्प्युटर बरोबर होता, टायपिंग बरोबर होतं. अक्षर गाळत होता तो नवा प्रिंटर.

धुळ्याला फोन लावला. इंजिनिअरला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, नवा फॉन्ट कॉम्प्युटरवर टाकलात तेव्हा प्रिंटरमधला जुना काढलात का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग तो अजून तोच छापतोय."

फोन ठेवला तेव्हा भाऊसाहेब माझ्या टेबलाशी उभे होते. मी त्यांना सांगितलं. वाटलं, आता रागावतील. ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात विचारलं, "किती दिवसांपासून?"

"प्रिंटर आला तेव्हापासून."

त्यांनी कपाळावर हात ठेवला. मग मी ऑफिसात कधीच न ऐकलेल्या भाषेत ते बोलले. "ताई, त्या बठ्ठा कागदस्वर मन्ही सही शे." सगळ्या कागदांवर त्यांची सही होती.

मुलीचा दाखला आम्ही त्याच वेळी डॉट मॅट्रिक्सवर काढून दिला. भाऊसाहेबांनी सही केली, प्राचार्यांकडे स्वतः घेऊन गेले, शिक्का मारला. वर एक पत्र दिलं की चूक कॉलेजची आहे. बाप-लेक तसेच एसटी स्टँडवर गेले. पण तोवर दिवस निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने नंदुरबारहून ऑफिसला फोन केला. यादी बंद झाली होती, तिची जागा पुढच्या मुलीला गेली होती. ती रडली नाही. "तुम्हाला सांगायचं होतं म्हणून फोन केला," एवढंच म्हणाली. मी फोन धरून बसले. "पुढच्या वर्षी," असं काहीतरी म्हणाले असेन.

रविवारी प्रिंटर दुरुस्त करायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी तिन्ही खोल्या बंद, कुणी मधेच काही छापायला देणार नाही. मी एकटीच येणार होते. दहाला पोहोचले तर भाऊसाहेब पायरीवर बसलेले. हातात पितळी डबा.

"मला त्यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "पण बसतो."

काम तसं सोपं होतं. प्रिंटरच्या डिस्कवरची यादी कॉम्प्युटरवर उघडायची, जुना फॉन्ट निवडून काढायचा, नवा पाठवायचा. जुना गेला. नवा पाठवायला सुरुवात केली. पडद्यावरची पट्टी निम्म्यावर आली आणि पंखा थांबला. वीज गेली. रविवारी त्या वेळेला भारनियमन नसायचं, पण गेली.

दीड तासाने आली. मी प्रिंटर चालू केला. पट्टीवर नेहमीची हिरवी अक्षरं आलीच नाहीत. डिस्क वाचता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून तयार करू का, असं तो विचारत होता. हो म्हटलं तर सगळेच फॉन्ट जाणार. नाही म्हटलं तर तो पुढे सरकत नव्हता. सोमवारपासून प्रवेशाच्या याद्या लावायच्या होत्या. मी मटकन खाली बसले आणि मला रडूच आलं. त्या मुलीच्या फोनला आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

भाऊसाहेबांनी फायलीच्या पुठ्ठ्याने मला वारा घातला. "रडू नका, ताई. देखूत काय व्हस ते. आधी जेवा."

डब्यात कळण्याची भाकरी होती, मिरचीचा ठेचा आणि कांदा. प्रिंटरच्या टेबलावरच कागद पसरून आम्ही जेवलो. ते मला त्यांच्या पहिल्या टाइपरायटरबद्दल सांगत होते. त्याचा ळ चिकटायचा, म्हणून ते दोन वर्षं ळ नसलेले शब्द शोधून पत्रं लिहायचे. "केळीला काय लिहायचो माहीत आहे? फळपीक म्हणावं तर त्यातही ळ!" आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते.

हात धुऊन मी "हो" दाबलं. डिस्क रिकामी झाली. मग कपाटातल्या सगळ्या सीड्या आणि फ्लॉपी काढल्या. भाऊसाहेब एकेकीवरचं लेबल मोठ्याने वाचायचे, मी पाठवायचे. एक फॉन्ट गेला की ते वहीत खूण करायचे. शेवटचा दाखल्याचा, नव्या सीडीतला. या वेळी मी पडद्यावर विश्वास ठेवला नाही. बाराखडी आणि सगळी जोडाक्षरं टाइप केली, कागदावर काढली, आणि आम्ही दोघांनी खिडकीपाशी उजेडात धरून एकेक अक्षर तपासलं. ऱ्या, ऱ्हा, ऱ्यो. भाऊसाहेबांनी विळ्यावर नख फिरवलं. "आला," म्हणाले. पाच वाजले होते.

मला वाटलं, संपलं. त्यांच्या दृष्टीने तिथून सुरू झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जनरल रजिस्टर काढलं आणि तीन वर्षांत दिलेले दाखले एकेक करून बघायला घेतले. ज्यांच्या नावात, बापाच्या नावात, आडनावात वा गावाच्या नावात तो अर्धा र आहे, त्यांची यादी. बहुतेक सगळी नावं डोंगरातली होती. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ. सपाटीवरच्या आमच्या पाटलांच्या, गुजरांच्या घरांत अशी नावं जवळजवळ नाहीत.

तेव्हा मला कळलं की तीन वर्षं ही चूक कुणाला का दिसली नाही. ओळखीच्या नावात एक मात्रा चुकली असती तरी भाऊसाहेबांनी कागद परत फेकला असता. पण ती नावं आम्ही वाचतच नव्हतो. आमच्यासाठी ती सगळी सारखीच होती, एक अक्षर कमी काय, जास्त काय. हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते रजिस्टर मिटवत म्हणाले, "खरं आहे." नंतर म्हणाले, "लिहा पत्रं."

महिनाभर आम्ही दुरुस्त दाखले काढत होतो. वसतिगृहातली मुलं गावी जाताना आपापल्या भागातले घेऊन जायची. काही जण स्वतः आले, काहींना चूक झाल्याचं माहीतही नव्हतं. पोस्टाने पाठवलेली काही पत्रं पत्ता सापडला नाही म्हणून आतल्या दाखल्यांसकट परत आली. ती भाऊसाहेबांनी निवृत्त होईपर्यंत आपल्या खणात ठेवली होती.

त्या मुलीकडे मी गेले. तिला दुरुस्त कागद मिळाला होता, म्हणजे न्यायचं तसं काही नव्हतं. पण तो फिकट डॉट मॅट्रिक्सवरचा होता, आणि मला तिला नीट, ठसठशीत अक्षरातला द्यायचा होता. निदान स्वतःला मी तसं सांगितलं. भाद्रपदात नवऱ्याची सुट्टी बघून आम्ही दोघं गेलो. जीपने घाट चढला, पुढे पाड्यापर्यंत चालत. कुडाच्या भिंतींचं घर, भोवती मका उभा. तिची आई पावरी बोलीशिवाय काही बोलत नव्हती, मुलगी मधे बसून सांगत होती.

वडील शेतातून आले. मी दाखला काढून दिला. त्यांनी हात कपड्याला पुसले, कागद धरला, आणि त्यांचं बोट बरोबर त्या जागेवर गेलं.

"विळा शे," ते म्हणाले.

"आता राहील," मी म्हटलं.

"एवढ्यासाठी वर आल्या, बाई?"

मुलीने आमच्यापुढे भाकरी आणि उडदाची डाळ ठेवली. मी तिला विचारलं, पुढच्या वर्षी परत अर्ज करशील ना? ती म्हणाली, करीन. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही सारखं वाईट वाटून घेऊ नका. मला वाईट वाटलंय ते वाटलंय. पण तुम्ही आलात की आई-बाबांना तुमचीच काळजी वाटते." ती हे इतक्या सरळपणे बोलली की नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मी भाकरीकडे.

तिने अर्ज केला नाही. त्या वर्षात पाड्यावर अंगणवाडीसाठी शिकलेली मुलगी हवी होती, तिने ते काम घेतलं. मग लग्न झालं, मुलं झाली. ती अजून अंगणवाडीतच आहे. मधे एकदा शहाद्याच्या बाजारात भेटली, तराजू दुरुस्त करून न्यायला आली होती, बाळांची वजनं करायचा. मी विचारलं, "नर्सिंग राहिलं याचं वाटतं का गं?" ती म्हणाली, "कधी कधी. आमच्याकडे बाळंतपणात अडलं आणि गाडी लवकर आली नाही की तेव्हा फार वाटतं." मग तिची जीप सुटायची वेळ झाली.

तो प्रिंटर पुढे सात-आठ वर्षं चालला. हळूहळू फॉन्टची सगळी कटकट संपली. आता मराठी कुठेही, कशावरही तशीच उमटते, कुणाला काही पाठवावं लागत नाही, यादी मागावी लागत नाही. माझ्यानंतर आलेल्या मुलीला मी एकदा सांगायला गेले की आम्ही रोज सकाळी प्रिंटरमध्ये अक्षरं भरायचो. तिला मी गंमत करतेय असं वाटलं. मला कधी कधी त्या सकाळींची फार आठवण येते. वीज येण्याची वाट बघत बसलेलं सगळं ऑफिस, पंखा फिरायला लागला की उठलेली चुळबुळ, तापणाऱ्या प्रिंटरचा तो इस्त्रीसारखा वास. भंगारवाल्याने तो नेला तेव्हा मी रजेवर होते, आणि ते बरंच झालं.

भाऊसाहेब आता ऐंशीच्या पुढे आहेत. तापीकाठी मुलाजवळ राहतात, पपईची बाग आहे. गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघं नवरा-बायको जाऊन आलो. ऐकायला कमी येतं त्यांना, पण मला आवाजावरूनच ओळखलं म्हणाले. माझ्याशी आता एक शब्द शुद्ध मराठी बोलत नाहीत. नवऱ्याला पपई कापून देत होते, तेवढ्यात मला म्हणाले, "ताई, त्या पत्रंस्ना काय व्हयनं? जी परत उनी व्हती?"

मी म्हटलं, ती मी अजून जपून ठेवलीत. तुमच्यानंतर दोन जण येऊन आपले दाखले घेऊन गेले.

"दोनच?"

"दोनच."

त्यांनी मान हलवली आणि सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.